एचआयव्ही आणि विसरभोळेपणा: पेशंट आणि घरचे सतत विचारतात ते प्रश्न

हे प्रश्न आम्हाला आधार गटाच्या बैठकीत, एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या, सेंटरबाहेरच्या बाकावर आणि फोनवर पुन्हा पुन्हा विचारले जातात. विचारणारे पेशंट थोडे, घरचेच जास्त. बायको, मुलगी किंवा धाकटा भाऊ फोन करतो आणि सुरुवात बहुतेक वेळा "ते आता पहिल्यासारखे राहिले नाहीत" अशीच होते. उत्तरं माहितीसाठी आहेत. औषधात बदल मात्र तुमच्या डॉक्टरांनीच करायचा. ताप, झटके, अचानक गोंधळ असं काही दिसत असेल तर आधी प्रश्न १२ वाचा, बाकीचं नंतर.

१. एचआयव्ही तर रक्तातला आजार. त्याचा डोक्यावर परिणाम कसा होतो?

लागण झाल्यावर काही आठवड्यांतच विषाणू मेंदूपर्यंत पोचतो. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी मेंदूत जातात, तेव्हा त्यांच्यातून तोही आत शिरतो आणि मेंदूच्या संरक्षक पेशींमध्ये ठाण मांडतो. विचार करणाऱ्या चेतापेशींना तो सहसा थेट धरत नाही. नुकसान होतं ते आजूबाजूला सतत धुमसणाऱ्या दाहामुळे आणि लागण झालेल्या पेशींतून बाहेर पडणाऱ्या घातक द्रव्यांमुळे. मेंदूच्या आतल्या, खोलवरच्या भागांना याची झळ जास्त बसते. म्हणून लक्षणंही वेगळी असतात (प्रश्न ३). या सगळ्या तक्रारींना मिळून डॉक्टर 'एचआयव्ही-असोसिएटेड न्यूरोकॉग्निटिव्ह डिसऑर्डर' म्हणतात, थोडक्यात 'हँड'.

२. हे सगळ्यांनाच होतं का? माझ्या गोळ्या वेळेवर चालू आहेत आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दिसतच नाही.

सगळ्यांना होत नाही. जड स्वरूपाचा डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) तर आता दुर्मीळ झाला आहे. १९९६ नंतर तीन औषधांचा एकत्रित उपचार आला, त्याआधी एड्सच्या टप्प्यावरच्या दर पाच-सहा पेशंटपैकी एकाला तो होत असे. अमेरिकेतल्या 'चार्टर' अभ्यासात १,५५५ जणांच्या चाचण्या घेतल्या आणि निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे निम्म्या लोकांचे गुण कुठे ना कुठे कमी भरले, पण डिमेन्शिया होता तो जेमतेम २ टक्क्यांना. त्या निम्म्यांतल्याही बहुतेकांना रोजच्या जगण्यात काही अडचण नव्हती. 'निम्म्या पॉझिटिव्ह लोकांचा मेंदू बिघडतो' असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतो, तो या आकड्याचा अर्धवट वापर करून.

धोका कोणाला जास्त, हे बऱ्यापैकी माहीत आहे. ज्यांचा सीडीफोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) कधीकाळी खूप खाली, २०० च्याही खाली गेला होता, त्यांना जास्त. आज तो ६०० असला तरी त्या काळात झालेली इजा थोडीफार राहू शकते. वाढतं वय, बीपी, शुगर, दारू, हिपॅटायटिस सी, पूर्वी होऊन गेलेला मेंदूचा टीबी किंवा क्रिप्टोकॉकल मेनिन्जायटिस (बुरशीमुळे मेंदूच्या आवरणाला येणारी सूज) यांनी भर पडते. निदान झाल्या झाल्या गोळ्या सुरू झाल्या आणि त्या कधी तुटल्या नाहीत, अशा माणसाचा धोका बराच कमी असतो. आपल्याकडे सरकारी मोफत एआरटी २००४ मध्ये सुरू झाली, पण सीडीफोर न पाहता सगळ्यांना लगेच गोळ्या देण्याचं धोरण २०१७ मध्ये आलं. त्यामुळे आज पन्नाशी-साठीत असलेल्या अनेकांनी सीडीफोर खूप उतरल्यावरच औषध सुरू केलेलं आहे.

३. नेमकं काय होतं? माणूस वेडा होतो का?

नाही. 'वेड लागलं' हा शब्द घरात वापरू नका, त्याने माणूस तपासणीलाच यायचा थांबतो.

मुख्य तक्रार मंदपणाची असते. बोलणं कळतं, पण उत्तर यायला वेळ लागतो. दोन कामं एकत्र झेपत नाहीत. फोनवर बोलता बोलता दूध उतू जातं. दुकानाचा हिशेब आधी तोंडी करणारा माणूस आता तीनदा कागदावर मांडतो. नाव ओठांवर असतं पण आठवत नाही, कुणी पहिलं अक्षर सुचवलं की लगेच आठवतं. बटण लावणं, सुईत दोरा ओवणं, मोबाइलवर टाइप करणं सावकाश होतं. काहींचा उत्साहच जातो. ते गप्प बसून राहतात आणि घरच्यांना वाटतं की आळशी झाले.

म्हातारपणीचा अल्झायमर्स वेगळा. त्यात नवी गोष्ट मेंदूत नोंदलीच जात नाही, त्यामुळे सुचवून, आठवण करून देऊनही उपयोग होत नाही. ओळखीच्या गल्लीत रस्ता चुकणं, नातवाला न ओळखणं हे 'हँड'मध्ये सुरुवातीला सहसा दिसत नाही. आणखी एक फरक असा की अल्झायमर्स पुढे पुढेच जातो. व्हायरल लोड दाबलेल्या माणसाचा 'हँड' बहुतेक वेळा वर्षानुवर्षं आहे तिथेच राहतो, कधी सुधारतोही.

४. मी हल्ली सारखं विसरते. हे एचआयव्हीमुळेच असणार ना?

असेलच असं नाही, आणि आमच्या मते या यादीतला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. पॉझिटिव्ह माणसाची प्रत्येक तक्रार एचआयव्हीच्या खात्यावर टाकायची सवय घरच्यांना असते आणि दुर्दैवाने काही डॉक्टरांनाही असते. त्यामुळे साध्या उपायाने बरी होणारी कारणं बघायचीच राहून जातात.

पहिलं कारण नैराश्य. झोप लागत नाही, मन लागत नाही, जगण्यात रस वाटत नाही, अशा वेळी लक्ष जातं आणि लक्ष गेलं की आठवण राहत नाही. नवरा गेल्यावर सासरी एकटी राहिलेली बाई "माझं डोकं चालत नाही" म्हणते, तेव्हा आधी तिचं दुःख विचारायला हवं. नैराश्यावर औषध आणि समुपदेशन दोन्ही आहे, आणि ते उतरलं की आठवणही बऱ्याचदा परत येते.

दुसरं, बी१२ ची कमतरता. शाकाहारी लोकांत ती पुष्कळ आढळते. शुगरसाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांतही बी१२ उतरतं. हातापायांना मुंग्या येत असतील तर हा संशय जास्त. तिसरं, थायरॉइड. चौथं, सिफिलिस म्हणजे गरमी. हा आजार एचआयव्हीसोबत येऊ शकतो आणि मेंदूत उतरू शकतो, म्हणून व्हीडीआरएल तपासणी करतात. पाचवं, घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं. शिवाय हिमोग्लोबिन, किडनी, लिव्हर, शुगर, कमी ऐकू येणं, कमी दिसणं. ज्याला नीट ऐकूच येत नाही त्याला "सांगितलेलं लक्षात राहत नाही" असा शिक्का सहज बसतो.

औषधांचं प्रश्न ५ मध्ये आणि दारूचं प्रश्न १४ मध्ये पाहा. यातल्या बहुतेक रक्ततपासण्या सरकारी रुग्णालयात होतात. डॉक्टरांना थेट विचारा: "माझं बी१२ आणि थायरॉइड झालंय का?"

५. एआरटीच्या गोळ्यांमुळेच डोकं बधिर होतंय असं वाटतं. त्या बंद करून बघू का?

बंद करू नका. गोळ्या तुटल्या की विषाणू रक्तात आणि मेंदूत पुन्हा वाढतो, शिवाय औषधाला दाद न देणारा विषाणू तयार होऊ शकतो.

तुमची शंका मात्र खोटी नाही. जुन्या मिश्रगोळीत एफाविरेन्झ असायचं. चक्कर, भडक स्वप्नं, सकाळी डोकं जड राहणं हे त्याचे ठरलेले त्रास. काही भारतीयांच्या शरीरातून जनुकीय फरकामुळे हे औषध फार हळू उतरतं. अशांना कधी कधी गोळी सुरू झाल्यावर कित्येक महिन्यांनी, वर्षांनीसुद्धा, गोंधळ आणि तोल जाणं सुरू होतं. औषध बदललं की ते ओसरतं. आता बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर यांची एकत्र गोळी, म्हणजे टीएलडी मिळते. डोल्युटेग्राविरने काहींची झोप उडते, डोकं दुखतं. रात्री घेत असाल तर सकाळी घेण्याबद्दल सेंटरवर विचारा. एवढ्यानेच अनेकांची तक्रार मिटते.

एआरटीबाहेरची औषधंही सांगा. झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या, ॲलर्जीच्या काही गोळ्या, लघवी आवरण्याच्या गोळ्या यांनी उतारवयात गोंधळ वाढतो. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी सायक्लोसेरिन चालू असेल तर मनावर आणि वागण्यावर परिणाम होऊ शकतो. घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. तोंडी यादीत हमखास एक गोळी राहून जाते.

६. भारतातला विषाणू सौम्य आहे, त्याने मेंदूला काही होत नाही असं ऐकलं. खरं का?

याच्यामागे खरं संशोधन आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. भारतात प्रामुख्याने 'सी' उपप्रकाराचा एचआयव्ही आढळतो, अमेरिका-युरोपात 'बी'. विषाणूच्या 'टॅट' नावाच्या प्रथिनात 'सी' प्रकारामध्ये एक छोटा बदल असतो आणि त्यामुळे दाह निर्माण करणाऱ्या पेशींना खेचण्याची त्याची ताकद कमी पडते. बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी २००४ च्या सुमारास हे दाखवलं. भारतात एड्सचा डिमेन्शिया कमी दिसतो, असंही तेव्हा म्हटलं जायचं.

पुढे पुणे, चेन्नई आणि बंगळुरूत पेशंटच्या रीतसर चाचण्या झाल्या, तेव्हा इथेही बौद्धिक मंदपणा आढळला. 'सी' प्रकार म्हणजे संरक्षण, असं धरून चालू नका.

७. याची तपासणी कुठे आणि कशी होते?

रक्ताच्या एका तपासणीत 'हँड' कळत नाही. एमआरआयमध्येही 'हँड' असा शिक्का दिसत नाही. एमआरआय करतात ते गाठ, पक्षाघात, जंतुसंसर्ग नाही ना हे पाहायला.

सुरुवात साध्या चाळणीने होते. 'इंटरनॅशनल एचआयव्ही डिमेन्शिया स्केल' ही चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिला लिहिता-वाचता येणं लागत नाही आणि ती काही मिनिटांत होते. चार शब्द सांगतात. मग अंगठा आणि पहिलं बोट ५ सेकंदांत जितक्या वेळा जुळवता येईल तितक्या वेळा जुळवायचं. त्यानंतर मूठ टेबलावर, तळवा टेबलावर, हाताची कड टेबलावर, हा क्रम १० सेकंद पटपट करायचा. शेवटी ते चार शब्द आठवायचे. एकूण गुण १२. दहा किंवा कमी आले तर पुढची तपासणी करायची, इतकाच त्याचा अर्थ. घरी घड्याळ लावून ही चाचणी घेऊ नका. थकलेला, घाबरलेला, संधिवाताचा माणूस सहज १० च्या खाली येतो.

पुढची तपासणी म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे दोन-तीन तासांच्या सविस्तर चाचण्या. त्या मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार किंवा मेंदूविकार विभागात होतात. एआरटी सेंटरच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या. सोबत रोज तुमच्याबरोबर राहणारं माणूस न्या, कारण बदल त्याला आधी दिसलेला असतो. (घरी कुणाला स्टेटस, म्हणजे एचआयव्ही असल्याचं, माहीत नसेल तर प्रश्न १८.)

८. मी चौथीपर्यंतच शिकलोय. चाचणीत नापास झालो तर लगेच आजार ठरवणार का?

ठरवू नये. असं झालं तर तुम्ही प्रश्न विचारा. या चाचण्यांचे गुण तुमचं वय, शिक्षण आणि भाषा सारखी असलेल्या निरोगी लोकांच्या गुणांशी ताडून पाहायचे असतात. चौथी शिकलेल्या शेतमजुराची तुलना इंग्रजी माध्यमातल्या पदवीधराशी केली तर चुकीचा निकाल येणारच. पुण्यात या विषयावर काम झालेलं आहे. तिथे चाचण्या मराठीत आणल्या गेल्या आणि मराठी-हिंदी अशा दोन भाषा बोलणाऱ्यांच्या गुणांवर काय परिणाम होतो याचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. घरी अहिराणी, मालवणी किंवा गोंडी बोलत असाल तर तसं तपासणाऱ्याला आधी सांगा.

९. रिपोर्टवर 'एएनआय' लिहिलंय. हा डिमेन्शियाचा पहिला टप्पा आहे का?

२००७ मध्ये ठरलेल्या 'फ्रास्काटी' निकषांप्रमाणे 'हँड'च्या तीन पायऱ्या होत्या. चाचणीत गुण कमी पण रोजच्या कामात अडचण नाही, ते एएनआय. कामात थोडी अडचण, ते एमएनडी. कामच करता येत नाही, तो डिमेन्शिया.

पहिल्या पायरीवर पुढे बरीच टीका झाली. अनेक चाचण्या घेतल्या की पूर्ण निरोगी माणसांतलेही काही जण एखाद-दोन चाचण्यांत कमी पडतात. या निकषांत अशा माणसांपैकी सुमारे पाचातल्या एकावर चुकीचा शिक्का बसतो. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने नव्या शिफारशी मांडल्या. केवळ चाचणीतल्या गुणांवरून मेंदूला इजा झाल्याचं ठरवू नका, माणसाची तक्रार आणि इतर पुरावा सोबत पाहा, असं त्यांचं म्हणणं आहे. आम्हाला ते पटतं. तुमची कामं नीट चालत असतील तर एएनआय हा शब्द वाचून झोप उडवून घेऊ नका. वर्षाभराने पुन्हा तपासून घ्या.

१०. यावर औषध आहे का? परत पहिल्यासारखं होता येतं का?

पहिलं आणि मुख्य औषध एआरटीच. ज्यांच्या गोळ्या सुरूच नव्हत्या किंवा तुटल्या होत्या, त्यांच्यात ती नीट सुरू झाल्यावर काही महिन्यांत खूप फरक पडतो. अंथरुणाला खिळलेली माणसं चालत सेंटरला येतात. व्हायरल लोड आधीच दाबलेला असेल तर सुधारणा हळू आणि थोडी असते. तिथे बीपी, शुगर, झोप, नैराश्य, बी१२ ताब्यात आणण्याचा उपयोग जास्त.

खास 'हँड'साठी म्हणून सिद्ध झालेली वेगळी गोळी नाही. मेमँटिन, सेलेजिलिन, मिनोसायक्लिन यांचे प्रयोग झाले, ठोस फायदा दिसला नाही. मेंदूत जास्त पोचणारी एआरटी द्यावी, असा विचार २००८ पासून चर्चेत आहे, पण नुसतं त्यासाठी चांगली चाललेली गोळी बदलल्याने लोक सुधारतात हे सिद्ध झालेलं नाही. याला अपवाद प्रश्न ११ मध्ये आहे.

मेंदूच्या टॉनिकवर महिन्याला हजार रुपये घालवणारी कुटुंबं आम्ही बघतो. तोच पैसा अंडी, डाळ, दूध आणि भाजीवर जावा. टॉनिकचा दुसराही तोटा आहे. लोह, कॅल्शियम, झिंक असलेल्या गोळ्या आणि ॲसिडिटीची काही औषधं डोल्युटेग्राविरसोबत घेतली तर ते नीट शोषलं जात नाही. त्यात किती तासांचं अंतर ठेवायचं ते फार्मासिस्टला विचारा. रोजचं भरभर चालणं, लोकांत मिसळणं, भजनी मंडळ, बचत गटाचे हिशेब, यातलं जे आवडतं ते सोडू नका.

११. व्हायरल लोड 'टीएनडी' (विषाणू सापडला नाही) आला, तरी दोन महिन्यांत वागणं पार बदललं. असं कसं?

ही थोड्यांनाच होणारी गोष्ट आहे, पण ती ओळखली गेली पाहिजे. रक्तात विषाणू दिसत नाही आणि मेंदूभोवतीच्या पाण्यात मात्र तो वाढत असतो, असं कधी कधी घडतं. डॉक्टर याला 'सीएसएफ एस्केप' म्हणतात. पुण्यातल्या आणि बंगळुरूतल्या डॉक्टरांनी असे पेशंट नोंदवले आहेत. त्यात दुसऱ्या फळीच्या (पहिल्या गोळ्या लागू न पडल्यावर देतात त्या) औषधांवर, विशेषतः ॲटाझानाविर-रिटोनाविरवर असणारे बरेच होते. आठवड्या-महिन्यांत वाढणारा गोंधळ, तोल जाणं, थरथर, झटके अशी लक्षणं असतात.

निदानासाठी पाठीतलं पाणी काढून त्यात व्हायरल लोड पाहावा लागतो. "पाठीतलं पाणी काढलं की लकवा मारतो" या भीतीने अनेक घरं नकार देतात. पाणी काढण्याची सुई जिथे मज्जारज्जू संपलेला असतो तिथे, त्याच्या खाली घालतात. एक-दोन दिवस डोकं दुखू शकतं. पण तपासणी टाळली तर बरा होणारा माणूस हातचा जातो, कारण औषधं योग्य बदलली की यातले पुष्कळ जण सुधारतात.

१२. कोणत्या लक्षणांना एआरटीच्या तारखेची वाट बघायची नाही?

तापासोबत डोकेदुखी, मान आखडणं, उलट्या. पहिल्यांदाच आलेला झटका. एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, एकाचे दोन दिसणं. तासा-दिवसांत वाढलेली गुंगी किंवा बडबड. यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा, १०८ ला फोन करा.

'हँड' असा एका रात्रीत येत नाही. अशा वेळी टीबी मेनिन्जायटिस, क्रिप्टोकॉकस, टॉक्सोप्लाझ्मा, पीएमएल असा मेंदूतला जंतुसंसर्ग किंवा पक्षाघात असू शकतो. गोळ्या सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत प्रतिकारशक्ती एकदम जागी होऊनही मेंदूत सूज येते. आत गेल्यावर एचआयव्ही आणि शेवटचा सीडीफोर लगेच सांगा. ते लपवलं तर तपासण्यांची दिशाच चुकते.

१३. मिस्टर गोळ्या घ्यायला विसरतात आणि सेंटरवर आम्हालाच बोलणी बसतात. काय करू?

ही तक्रार ऐकून आम्हाला खरोखर वाईट वाटतं. ज्या आजाराने आठवण जाते त्याच आजाराच्या गोळ्या आठवणीने घ्या, असं आपण माणसाला सांगतो आणि तो चुकला की बेजबाबदार ठरवतो. ताई, पुढच्या खेपेला समुपदेशकाला स्पष्ट सांगा: "हे मुद्दाम करत नाहीत, यांच्या लक्षात राहत नाही, तपासणी करून द्या." आणि ते एआरटीच्या पुस्तकात लिहून घ्या. चुकलेल्या गोळ्या हे 'हँड'चं पहिलं दिसणारं लक्षण असू शकतं.

घरी करायच्या गोष्टी. वारांची खोकी असलेली डबी मेडिकलमध्ये मिळते. दर रविवारी ती दुसऱ्या कुणी तरी भरायची. त्यामुळे गोळी घेतली की नाही हा वादच राहत नाही, खोकं रिकामं आहे की भरलेलं ते दिसतं. गोळी रोजच्या एखाद्या पक्क्या कामाला जोडा, सकाळच्या चहाला किंवा सातच्या बातम्यांना. मोबाइलवर गजर लावा, त्याला नाव 'बीपीची गोळी' दिलं तरी चालेल. गोळी चुकली आणि त्याच दिवशी आठवली तर लगेच घ्यायची, दुसऱ्या दिवशी दोन एकदम घ्यायच्या नाहीत. सूचना एका वेळी एकच द्या. "गोळी घ्या, मग आंघोळ करा, मग बँकेत जा" असं एका दमात सांगितलं की तिन्ही राहतात.

घर स्थिर नसेल तेव्हा हे अवघड होतं. ऊसतोडीला सहा महिने बाहेर जाणाऱ्या किंवा ट्रकवर असणाऱ्या माणसासाठी निघण्याआधीच सेंटरवर बोला. जास्त दिवसांच्या गोळ्या किंवा जिथे जाल तिथल्या सेंटरवर औषध मिळण्याची सोय होऊ शकते. गावापासून सेंटर लांब असेल तर जवळच्या लिंक एआरटी सेंटरची (मुख्य सेंटरशी जोडलेलं, गोळ्या देणारं छोटं केंद्र) मागणी करा. काही अडलं तर १०९७ ही राष्ट्रीय एड्स हेल्पलाइन मोफत आहे.

१४. थोडी दारू चालते का?

मेंदूची तक्रार असलेल्या माणसाला नाही. दारू आणि एचआयव्ही दोघेही मेंदूच्या त्याच भागांवर घाव घालतात, आणि दारूच्या संध्याकाळी गोळी चुकते ती वेगळीच. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र एका दिवसात सोडू नये, झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. तंबाखू आणि मिश्री रक्तवाहिन्या खराब करतात, त्याने पक्षाघाताचा धोका वाढतो.

१५. आमच्या पुतण्याला जन्मापासून एचआयव्ही आहे. अभ्यासात फार मागे पडतो. याच कारणाने?

शक्य आहे. बाळाचा मेंदू वाढत असतानाच विषाणू आत असतो, त्यामुळे मुलांत परिणाम जास्त खोल होऊ शकतो. उशिरा बसणं-चालणं, बोलणं, नंतर लक्ष न लागणं, गणित न जमणं. दक्षिण आफ्रिकेतल्या एका अभ्यासाने २००८ मध्ये दाखवलं, की काही आठवड्यांच्या बाळाला लगेच एआरटी दिली तर मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी होतात. लवकर गोळ्या मिळालेल्या बाळांची वाढही चांगली झाली. म्हणूनच पॉझिटिव्ह आईच्या बाळाची सहाव्या आठवड्यातली तपासणी चुकवू नका.

पण आई-वडील गमावणं, शाळा बुडणं, मामाकडून आजीकडे फिरणं, वारंवारची आजारपणं यांनीही मूल मागे पडतं. बालमानसतज्ज्ञाकडून तपासून घ्या. अध्ययन अक्षमता निघाली तर दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलती मिळतात. प्रमाणपत्र अक्षमतेचं असतं, त्यासाठी शाळेला एचआयव्ही सांगावा लागत नाही.

१६. नोकरीवर सांगावं लागेल का? गाडी चालवू का?

२०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्हीच्या कारणावरून नोकरीत भेदभाव करायला तो मनाई करतो आणि स्टेटस सांगण्याची सक्ती तुमच्यावर करता येत नाही. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो. कामात सवलत हवी असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीत 'लक्ष आणि गतीची अडचण' इतकं लिहिलेलं पुरतं.

गाडीबाबत आम्ही ठाम आहोत. प्रतिक्रिया मंदावली असेल, सिग्नल उशिरा लक्षात येत असेल, झटका येऊन गेला असेल, तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत दुचाकीसुद्धा नको. ड्रायव्हरसाठी हा पोटाचा प्रश्न आहे, म्हणून तपासणी लवकर करून घ्या आणि मालकाकडे तात्पुरतं दुसरं काम मागा.

१७. बँक, जमीन, सह्या यांचं काय? मुखत्यारपत्र करून ठेवलंय.

इथे बहुतेक जण फसतात. देणारी व्यक्ती निर्णय घेण्याच्या स्थितीत राहिली नाही की साधं मुखत्यारपत्र भारतीय करार कायद्याप्रमाणे संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी ते केलं त्याच दिवशी ते निकामी. म्हणून माणूस नीट विचार करतोय तोवर बँकेत संयुक्त खातं, सगळीकडे नॉमिनी, मृत्युपत्र हे उरकून घ्या आणि वकिलाचा सल्ला घ्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गरजूंना तो मोफत मिळतो.

घरात कमावणारं कुणी नसेल आणि उत्पन्न कमी असेल, तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या पात्र आजारांत एचआयव्ही-एड्स आहे. अर्ज तहसील कार्यालयात जातो. गावात बोभाटा होईल अशी भीती असेल तर आधी समुपदेशकाशी बोलून, थेट तालुक्याला अर्ज द्या.

१८. डॉक्टर घरच्यांना घेऊन या म्हणतात, पण घरी कुणालाच माहीत नाही.

तुमच्या लेखी संमतीशिवाय कुणी तुमचं स्टेटस घरच्यांना सांगू शकत नाही. अपवाद फक्त जोडीदाराचा: त्याला लागणीचा मोठा धोका असेल तर डॉक्टर किंवा समुपदेशक कायद्यातल्या अटी पाळून त्याला सांगू शकतात. विसरण्याची तक्रार 'आठवणीची तपासणी' म्हणून घरी सांगता येते, आणि मेंदूविकार विभागात सोबत आलेल्या माणसासमोर एचआयव्हीचा विषय काढू नका, असं आधीच चिठ्ठीवर लिहून घेता येतं. सोबतीला घरचंच माणूस हवं असं नाही. विश्वासू मित्र, शेजारीण, आधार गटातलं कुणीही चालेल.

पण पुढचाही विचार करा. आजार वाढला तर गोळ्या कुणाच्या हाती असतील? निदान एका माणसाला सांगून ठेवा, तुमच्या मर्जीने, तुम्हाला शब्द सापडतायत तोवर. सांगताना समुपदेशक सोबत बसू शकतात. जोडीदाराची तपासणी व्हायला हवी हे वेगळं. गोळ्या चालू असून व्हायरल लोड २०० च्या खाली टिकला असेल तर शरीरसंबंधातून लागण होत नाही, आणि एकत्र जेवण्या-राहण्याने, अंथरूण बदलण्याने ती कधीच होत नाही.

१९. वडिलांना एचआयव्ही नाही. विसरण्याच्या तक्रारीसाठी नेलं तर डॉक्टरांनी एचआयव्हीची टेस्ट लिहिली. हा अपमान नाही का?

नाही. स्मृती झपाट्याने जात असेल, वय कमी असेल किंवा लक्षणं नेहमीच्या अल्झायमर्ससारखी नसतील, तर बी१२, थायरॉइड, व्हीडीआरएलसोबत एचआयव्ही तपासतात, कारण हे सगळं उपचार होण्यासारखं आहे. साठी उलटलेल्या माणसांचं, विशेषतः विधवांचं निदान फार उशिरा होतं, कारण त्यांना हा आजार असेल असं कुणाच्या मनातच येत नाही. टेस्टसाठी वडिलांची संमती घ्यावी लागते. तपासणीआधी आणि नंतर समुपदेशन मिळायला हवं, आणि सरकारी आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) हे सगळं मोफत होतं. निगेटिव्ह आली तर एक कारण वजा होईल आणि डॉक्टर पुढच्या तपासण्यांकडे वळतील. पॉझिटिव्ह आली तर त्याच आठवड्यात गोळ्या सुरू करण्याबद्दल विचारा, आणि मेंदूत टीबी किंवा क्रिप्टोकॉकस नाही याची खात्री आधी करून घ्यायला सांगा, कारण ते असतील तर एआरटी काही आठवडे थांबवून आधी त्यांचा उपचार करावा लागतो.